रोडगा खाईल तो बोलेल

पंगतीत गप्प बसलेले काकाजी मी पाहिले आहेत. पांढुर्ण्यात हे कुणाला सांगितलं तर लोक आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघतील. पण मी पाहिले आहेत. समोर पत्रावळ, शेजारी वांग्याच्या भाजीचं पातेलं, चहूकडे माणसं, आणि काकाजींच्या तोंडातून अक्षर नाही.

काकाजी माझे घरमालक. खाली त्यांची पिठाची चक्की, वर माझी खोली. मी सौंसरची, पांढुर्ण्याच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा ही खोली घेतली. चक्की सुरू झाली की माझ्या फळीवरचे कप आपापल्या जागा बदलायचे. काकाजी आठवडाभर डोक्यापासून पायापर्यंत पांढरे असत. राहायला आल्यावर पहिल्या सुटीच्या दिवशी जिन्यात एक काळ्या मिशीचा माणूस भेटला, तर मी त्यांना विचारलं, ‘‘काकाजी घरी आहेत का?’’ ते म्हणाले, ‘‘मीच हावो ना बाई. आंघोळ झाली माही.’’

चक्कीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे त्या घरात कुणालाच हळू बोलता येत नसे. काकू चणीनं एवढीशी, पण ‘मीठ द्या’ म्हणाली तरी गल्लीच्या टोकाचं कुत्रं उठून बसे. त्यामुळे काकाजींच्या घरात गुपित असं काही टिकलंच नाही. एकच टिकलं, आणि त्यानंच सगळा घोटाळा केला. तो पुढे येतोच.

माणसाची पारख काकाजी त्याच्या गव्हावरून करत. ‘‘तो लोकवनवाला हाये, त्याच्या भरवशावर राहू नोको.’’ ‘‘तिच्या घरी शरबती येते, पोरगी डोळे मिटून करा.’’ मी आल्या आल्या दुकानातून आट्याचं पाकीट आणलं होतं. ते त्यांनी जिन्यातच हातात घेतलं, चिमूटभर पीठ बोटांत चोळलं आणि म्हणाले, ‘‘हे पीठ नाही बाई, पावडर हाये. तोंडाले लावाची.’’ पाकीट घेऊन गेले. पुढे चक्कीच्या भिंतीवरचं कॅलेंडर बराच काळ त्याच्या खळीवर टिकून होतं.

पण त्यांचं खरं राज्य रोडग्यांवर. आमच्याकडे नवस फिटला की मारुतीला रोडगे करतात. जाड दळलेल्या गव्हाच्या कणकेचे, पापुद्रे सुटणारे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. कुणाची बोअर लागो, कुणाची म्हैस वाचो, कुणाचं पोरगं बारावीत निघो, सगळे जामसांवलीच्या मारुतीकडे जायचे आणि पीठ काकाजींच्या चक्कीतून न्यायचे. पिठासोबत काकाजीही न्यायचे. पहिला रोडगा तेच फोडत. एक घास घेत, डोळे मिटत, आणि मग निकाल देत. निकालाच्या आधी कुणी वाढपाला हात लावत नसे.

आणि मग त्यांचा तो नियम. ‘‘जो रोडगा खाईन, तोच बोलीन.’’ पंगतीत बसून ज्यानं रोडगा नाकारला त्याला जेवण होईपर्यंत बोलायचा अधिकार नाही. यात सूट नव्हती. कुणाचा तरी इंदूरचा जावई आला आणि त्यानं भात मागितला. त्यानं उरलेलं सगळं जेवण खुणांवर केलं. मीठ मागताना त्यानं केलेली खूण इतकी चमत्कारिक होती की त्याला दोनदा लिंबू मिळालं. तहसीलमधून निवृत्त झालेले बाबूजी शुगरमुळे गहू खात नसत. ते वर्षानुवर्षं प्रत्येक पंगतीत मुके बसत. ते काही म्हणायला तोंड उघडू लागले की काकाजी लांबून ओरडत, ‘‘बाबूजी! रोडगा?’’ बाबूजी तोंड मिटत. मला तो नियम अन्यायाचा वाटे, पण मला रोडगे आवडत असल्यामुळे मी तसं कधी बोलले नाही.

मग काकाजी वाळायला लागले. पँट पट्ट्यानं थांबेना, पट्ट्याला नवी भोकं पडली. दिवसातून कितीदा तरी चक्की बंद पडायची आणि खालून काकूचा आवाज यायचा, ‘‘अजून एकदा गेले!’’ सगळ्या गल्लीला हिशेब कळायचा. दोष द्यायला काकाजींना काय काय सापडलं! नळाचं पाणी, वांगी, चैत्रातलं ऊन, एकदा तर माझं विज्ञान. ‘‘तू वरते ते प्रयोग करतं ना बाई, त्याचा वास खाली येते.’’ मी वर फक्त चहा करत असे.

शेवटी काकूनं ओढत नागपूरला नेलं. सोबत मी, कारण विज्ञानवाली. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं नखं पाहिली, पापणी ओढून पाहिली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, ‘‘तुम्हाला गहू चालत नसावा असं वाटतंय. रक्ताची तपासणी करू.’’

‘‘मॅडम,’’ काकाजी समजुतीनं म्हणाले, ‘‘मले गहू चालत नाही असं कसं? गव्हावरच तर मी चालून राहिलो. माही चक्की हाये.’’

डॉक्टरनं त्यांना नीट समजावलं. गव्हात जे चिकट असतं, त्याच्याशी काहींच्या आतड्याचं वैर असतं. रक्तात त्याची खूण सापडते. पण तपासणी होईपर्यंत नेहमीसारखं जेवायचं, गहू सोडायचा नाही, हे तिनं दोनदा सांगितलं. काकाजींनी मान हलवली. पण तो दिवस शनिवार होता, आणि मारुतीच्या वारी ते केसही कापत नसत, तर रक्त कुठून देणार? मग संत्र्याचा हंगाम आला, मग भाचीचं लग्न, मग थंडी. तपासणीला मुहूर्त लागला तो होळीनंतर.

एक गोष्ट मात्र मधल्या काळात सगळ्यांच्या लक्षात आली. काकाजी सुधारत होते. गाल भरले, पट्टा जुन्या भोकावर आला, चक्की दिवसभर अखंड चालू लागली. माझे कप पुन्हा फिरायला लागले. जेवताना ते ज्वारीची भाकर मागत. म्हणत, ‘‘थंडीची ज्वारी बरी.’’ कुणी काही विचारलं नाही, कारण थंडीत ज्वारी सगळेच खातात. पंगतीचं बोलावणं आलं तर चक्कीत काम आहे म्हणून पीठ पाठवत, स्वतः जात नसत.

रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी तो मलाच वाचायला लावला. काहीही सापडलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं. काकाजींनी चक्कीचा खटका बंद केला, दोन्ही हात वर केले आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडले, ‘‘बजरंगबली पावला! होळी झाली, आना आता पोळी!’’

आणि मग ते गुपित फुटलं. डॉक्टरकडून परत येतानाच त्यांनी मनात नवस बोलला होता: रिपोर्ट चांगला येईपर्यंत मी माझी सगळ्यात आवडती वस्तू सोडीन. आणि काकाजींची सगळ्यात आवडती वस्तू कोणती हे सांगायला डॉक्टर लागत नाही. त्यांनी गहू सोडला होता. बोललेला नवस सांगितला तर फळत नाही, म्हणून काकूलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता. आयुष्यात एकदाच हा माणूस एवढे दिवस गप्प राहिला, तेही नको तिथं.

नवस फिटला, म्हणजे रोडगे आले. जामसांवलीला सगळी गल्ली लोटली. काकाजींनी पहिला रोडगा फोडला, तुपात बुडवला, डोळे मिटले. निकाल दिला, ‘‘असा रोडगा मारुतीनंबी नसन खाल्ला.’’ मग दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला, आणि चौथा बाबूजींच्या नाकासमोर धरून खाल्ला. इतक्या दिवसांचं साचलेलं बोलणं त्यांनी त्या एका दुपारी बोलून घेतलं. परतताना आमचा टेम्पो जामसांवली सोडेपर्यंत ते बोलतच होते. त्यानंतर वाटेतल्या प्रत्येक संत्र्याच्या बागेशी टेम्पो थांबवावा लागला. शेवटी तर त्यांचा चेहरा बघूनच बागवान आडोसा दाखवू लागले.

परत नागपूर. डॉक्टर विचारत होती, तपासणीच्या आधी काय काय खाल्लं? काकाजी छताकडे बघत होते.

‘‘सांगा ना!’’ काकू ओरडली. बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. ‘‘मारुतीले गहू सोडला होता यायनं! कितीतरी महिने झाले!’’

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. ती म्हणाली, ‘‘काका, गहू पोटात नसेल तर रक्तात खूण सापडत नाही. म्हणून तर सांगितलं होतं खात राहा. तुमचा रिपोर्ट चांगला आला, कारण तुम्ही गहू सोडला होता.’’

काकाजींनी रिपोर्टाची घडी घातली. मग हळूच, म्हणजे त्यांच्या मानानं हळूच, म्हणाले, ‘‘त्याची चूक नाही. मी त्याले रिपोर्ट मागतला, त्यानं रिपोर्ट देल्ला. तब्येत मागाले पाहिजे होती.’’

आता उलटा प्रकार सुरू झाला. नक्की निदानासाठी काही आठवडे रोज गहू खायचा, मग पुन्हा रक्त, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासायचा. काकाजी म्हणाले, ‘‘चिठ्ठीवर लिहून द्या मॅडम.’’ डॉक्टरनं हसत लिहून दिलं: पोळी, सकाळ-संध्याकाळ. त्यांनी ती चिठ्ठी चक्कीतल्या देवाच्या फोटोशेजारी चिकटवली आणि दळायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली. ‘‘पाहा, डॉक्टरनं गहू लिहून देल्ला. औषध म्हून.’’ पण संध्याकाळी पोळी पुढे आली की ते तिच्याकडे बघत राहत. पोटात कळ येणार हे माहीत असलेला माणूस जसा बघेल, तसे. मला त्यांची फार कीव यायची. एकदा काकूनं अर्धी पोळी काढून घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाले, ‘‘राहू दे. मग पुन्हा कधी भेटते काय माहीत.’’

निदान झालं. गहू बंद, जन्मभर. रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, सगळं बंद.

घरी आल्यावर ते चक्कीपाशी उभे राहिले. मी सांत्वन म्हणून भात, ज्वारी, बाजरी, मका, साबुदाणा असं काय काय चालतं ते सांगत होते. त्यांनी मला थांबवलं.

‘‘म्हंजे मले आता रोडगा चालत नाही.’’

‘‘नाही चालणार काकाजी.’’

‘‘म्हंजे मले बोलता येत नाही.’’

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

आणि मी सुरुवातीला सांगितलं ते दृश्य त्यानंतरच्या पहिल्याच पंगतीतलं. लोकांनी सवयीनं पहिला रोडगा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात जोडले, उठले आणि जाऊन बाबूजींच्या शेजारी बसले. डब्यातली भाकर काढली. यजमान म्हणाला, ‘‘काकाजी, नियम तुमचा, तुम्हीच मोडा ना!’’ त्यांनी नकाराची मान हलवली. मग लोकांनी मुद्दाम छेडलं. एक म्हणाला, नागपूरचे रोडगे आपल्यापेक्षा बरे. काकाजी लाल झाले, मांडीवर थाप मारली, पण तोंड उघडलं नाही. दुसरा म्हणाला, चक्कीपेक्षा पाकिटातला आटा बरा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबूजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ती दोन मुकी माणसं तशी बसलेली पाहून मी हातातला रोडगा खाली ठेवला. हा माणूस नियम पाळण्याइतका वेडा आहे हे मला माहीत होतं, पण इतका वेडा आहे हे नव्हतं. निकाल नसल्यामुळे त्या दिवशी रोडगे कच्चे होते की पक्के हेही कुणी बोललं नाही.

पंगतीबाहेर मात्र त्यांचं तोंड दुप्पट चालू लागलं. दळायला आलेल्या बायकांना ते डबा उतरवून घ्यायच्या आधी विचारत, ‘‘पोट साफ राहते ना? केस गळून राहिले का? मग तपासून घ्या, गहू असन.’’ गव्हाच्या चक्कीवर बसून हा माणूस गिऱ्हाइकांना गव्हाबद्दल सावध करू लागला. वर बजावायचे, ‘‘पण तपासाच्या आधी सोडू नका बरं! नवसबिवस बोलू नका!’’ काकू आतून ओरडे, ‘‘दुकान बुडवून राहिले हो हे!’’ हिंगातही गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं हे मी सांगून बसले, तर त्यांनी घरातली हिंगाची डबी शेजारच्या गल्लीत नेऊन दिली.

एवढं करूनही पोट पूर्ण बरं होईना. डॉक्टरनं फोनवर विचारलं, ‘‘ज्वारी दळता कुठं?’’

काकाजी दुखावले. ‘‘घरच्या चक्कीत. दुसरीकडे कायले जाऊ?’’

‘‘त्याच चक्कीत गहू दळता ना?’’

फोन माझ्या हातात देऊन ते बाहेर जाऊन बसले. स्वतःच्याच दगडांनी दगा दिला हे त्यांना सहन होईना. गहू वाईट निघाला ते त्यांनी कसंबसं पचवलं होतं. चक्कीबद्दल ते एक शब्द ऐकायला तयार नव्हते. शेवटी काकूनं तोड काढली. एक छोटी घरघंटी आणायची, तिच्यात फक्त ज्वारी दळायची, आणि ती अशा जागी ठेवायची जिथं गव्हाचं पीठ उडत नाही. अशी जागा त्या घरात एकच होती. माझी खोली.

मला कुणी विचारलं नाही. मी शाळेतून आले तर घरघंटी माझ्या खिडकीशी बसलेली. काकाजी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, काळ्या मिशीनं वर येत आणि ज्वारी दळत. माझे कप आता दोन्ही बाजूंनी हलू लागले. वर एक दिवस ते दाराशी घुटमळले आणि म्हणाले, ‘‘बाई, एक विनंती हाये. पोळी खाली खात जा.’’ मी भाडं भरत होते, आणि मला माझ्याच खोलीत पोळी लपवून खावी लागत होती. एकदा त्यांना माझ्या चटईवर पोळीचा कण सापडला. त्यांनी तो कागदावर उचलला, मला दाखवला, आणि पुडी करून ते घेऊन गेले. मला दोन दिवस अपराधी वाटत राहिलं, आणि तिसऱ्या दिवशी संताप आला.

संतापायला आणखीही कारण होतं. ते माझ्या गच्चीवर रोडग्याचे प्रयोग करत होते. ज्वारीचा रोडगा. ज्वारीला चिकटपणा नाही, त्यामुळे निखाऱ्यात टाकला की त्याची राख आणि पीठ वेगळं करता येत नसे. मग त्यांनी उकडलेला बटाटा घातला, भिजवलेला साबुदाणा घातला, पोटासाठी आणलेला इसबगोल घातला. शेवटी एक गोळा टिकला. इतका टिकला, की गच्चीवरून घरंगळून शेजारच्या छपरावर पडला तेव्हा कौल फुटलं आणि रोडगा तसाच राहिला. काकूनं तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, ‘‘बांधकामाले द्या हे.’’ काकाजी मात्र त्या रोडग्याकडे असे बघत होते की मी राग गिळला.

माझी बदली सौंसरला झाली. त्यासाठी आईनं नवस बोललाच होता, तेव्हा जामसांवलीचे रोडगे आता माझ्याकडे आले. काकाजी आले ते गाठोडं घेऊन. सगळ्यांच्या निखाऱ्यापासून लांब त्यांनी आपल्या गोवऱ्या वेगळ्या लावल्या आणि तिथं राखण करत बसले. कुणी पिठाचे हात घेऊन जवळ गेलं की ओरडत, ‘‘तिकडेच थांब!’’

पंगत बसली. काकाजी बाबूजींच्या शेजारी. त्यांनी गाठोडं सोडलं, आपल्या भाजलेल्या रोडग्यांतला एक काढला. हातानं फुटेना. नारळ फोडायचा दगड मागवला, त्यावर आपटला, तुकडा तोंडात टाकला. सगळी पंगत थांबली. ते चावत होते. आम्ही बघत होतो. काकूनं पदर तोंडाला लावला. चावणं काही केल्या संपेना. शेवटी त्यांनी घास गिळला, डोळे मिटले, उघडले.

‘‘नियमात गहू होता का कुठं?’’ त्यांनी विचारलं.

केवढ्या दिवसांनी तो आवाज पंगतीत ऐकला! माझे डोळेच भरून आले. मी म्हटलं, ‘‘नव्हता, काकाजी.’’

‘‘मंग! जो रोडगा खाईन, तोच बोलीन. आन् गव्हाचा तर कोनीबी खाते. आजपासून हा खाचा!’’ ते उठले आणि प्रत्येकाच्या पत्रावळीवर एकेक तुकडा टाकत गेले. कुणी नाही म्हटलं नाही. सगळ्यात आधी बाबूजींनी उचलला. ज्वारी त्यांना चालत होती. इतक्या वर्षांनी त्यांना पंगतीत बोलायचा अधिकार मिळत होता. मग मी, मग आई, मग सगळी पंगत.

त्या दुपारी बोलायचा अधिकार सगळ्यांना होता आणि जबडा कुणाचाच उघडत नव्हता. काकाजी एकटे बोलत होते. गव्हाबद्दल, डॉक्टरबद्दल, मारुतीकडे काय मागावं आणि कसं मागावं त्याबद्दल, इंदूरच्या जावयाबद्दल. मला त्यातला एकही शब्द चुकवायचा नव्हता.

मधेच बाबूजींनी हात वर केला. त्यांचा घास खाली उतरला होता. काकाजी बोलता बोलता थांबले. ‘‘गप्प बसा रे सगळे,’’ ते म्हणाले, जसं काही दुसरं कुणी बोलतच होतं. ‘‘बाबूजी बोलून राहिले.’’

बाबूजींनी सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली, घसा साफ केला, आणि म्हणाले, ‘‘पाणी.’’